भाषणे पुष्कळ झाली, आता गोष्ट ऐका!



गेली सव्वीस वर्षे मी रेल्वे कामगारांच्या संघटनेत काम करतो आहे. त्यातली अकरा वर्षे शाखा सचिव म्हणून. या काळात किती द्वारसभा घेतल्या, किती भाषणे ठोकली याचा हिशेब माझ्याजवळ नाही. परंतु त्या सभांत मी किती कामगारांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले असे कोणी विचारले, तर तो हिशेब मात्र लगेच देता येईल. कारण तो फारच थोडा आहे. आजचा लेख या उणिवेविषयी आहे, आणि ती दाखवून देण्यासाठी मी तुम्हाला अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय नाटकवाल्याची हकीकत सांगणार आहे.

मी मॅट्रिक झालेला माणूस. इंग्रजी पुस्तके वाचून त्यांवर लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. माझी पुतणी नाट्यशास्त्र शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली असताना तिने ही हकीकत मला सांगितली. मी खोदून खोदून विचारले, तिने वाचून दाखवले, आणि त्यातून जे पक्के समजले तेवढेच इथे मांडतो.

अमेरिकेतल्या नाटकवाल्याशी आपला काय संबंध, असे इटारसीच्या यार्डात किंवा सिकंदराबादच्या आरएमएसमध्ये हा अंक वाचणारा मराठी बांधव नक्कीच विचारील. संबंध आहे, आणि तो रेल्वेचा व टपालाचाच आहे. म्हणून तो आधी सांगतो.

रेल्वेचा पोर्टर आणि टपालातला नोकर

अमेरिकेत पुलमन नावाच्या कंपनीचे झोपण्याचे डबे लांब पल्ल्याच्या गाड्यांना जोडले जात. त्या डब्यांत बिछाने घालणारे, सामान उचलणारे, प्रवाशांचे बूट पुसणारे पोर्टर जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय असत. पुष्कळ प्रवासी त्यांना स्वतःच्या नावाने हाकसुद्धा मारीत नसत. सरसकट सगळ्यांना 'जॉर्ज' म्हणत, कारण कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज होते! या पोर्टरांची संघटना 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, आणि तब्बल बारा वर्षे झगडून 1937 साली तिने कंपनीला करारावर सही करायला लावली. रँडॉल्फ स्वतः पोर्टर नव्हते. तरुणपणी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांनी शेक्सपिअरच्या नाटकांत कामे केली होती. आवाज तिथे कमावला आणि वापरला कामगारांसाठी.

या संघटनेचे माँटगोमेरी शहरातले पुढारी ई. डी. निक्सन हे पुलमन पोर्टर होते. डिसेंबर 1955 मध्ये बसमधली जागा सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली, तेव्हा जामीन भरायला धावून गेलेला माणूस हाच. त्यानंतर तिथल्या कृष्णवर्णीय जनतेने 381 दिवस बसवर बहिष्कार घातला. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव जगभर झाले ते या लढ्यापासून.

आता टपालाचे. मिसिसिपी राज्यात क्लीव्हलंड नावाचे गाव आहे. तिथे एमझी मूर नावाचे गृहस्थ 1935 पासून टपाल कचेरीत नोकरीला होते. नोकरी केंद्र सरकारची असल्यामुळे गावच्या गोऱ्या जमीनदारांना ती सहजासहजी घालवता येत नव्हती. त्या आधाराने मूर यांनी संघटना बांधली. 1960 साली बॉब मोझेस नावाचा एक तरुण शिक्षक त्यांच्याकडे आला. मूर यांनी त्याला सांगितले की इथल्या लोकांना उपाहारगृहात बसायला मिळावे याच्याआधी मताचा अधिकार मिळाला पाहिजे, त्या कामाला लागा. विद्यार्थ्यांच्या समन्वय समितीने मिसिसिपीत मतदार नोंदणीची जी मोठी मोहीम पुढे हाती घेतली, तिचे बीज टपाल खात्यातल्या या कर्मचाऱ्याच्या घरात पडले. आपला नाटकवाला हा या समितीचाच कार्यकर्ता. त्याचे नाव जॉन ओनील.

नाटक शेतावर आले

ओनील यांचा जन्म 1940 साली इलिनॉय राज्यातल्या माउंड सिटी या छोट्या गावी झाला. 1962 साली ते पदवीधर झाले. न्यूयॉर्कला जायचे, नाटके लिहायची असा त्यांचा बेत होता. परंतु दक्षिणेत चळवळ पेटलेली होती. आधी तिकडे जाऊ, थोड्या वर्षांत ते काम आटोपेल, मग नाटकाकडे वळू, असा हिशेब करून ते समितीचे कार्यकर्ते झाले. हिशेब चुकला. ते काम आयुष्यभर आटोपले नाही, आणि नाटकही सुटले नाही.

त्या वेळच्या मिसिसिपीची कल्पना यावी म्हणून एकच आकडा देतो. 1962 साली तिथल्या मतदानाच्या वयाच्या शंभर कृष्णवर्णीयांपैकी सात जणांचीही नावे मतदार यादीत नव्हती. नाव नोंदवायला गेला की मजुरी जायची, राहते घर जायचे, प्रसंगी जीवही जायचा. जून 1964 मध्ये तीन कार्यकर्त्यांचे खून झाले. त्यांतला एक तिथलाच कृष्णवर्णीय होता, दोन न्यूयॉर्कहून आलेले गोरे होते.

अशा ठिकाणी 1963 च्या अखेरीस ओनील, डोरिस डर्बी आणि गिल्बर्ट मोझेस या तिघांनी टूगालू कॉलेजच्या आश्रयाने एक नाट्यमंडळ काढले. नाव ठेवले 'फ्री सदर्न थिएटर'. तिकीट नव्हते. 'फ्री' या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांना हवे होते, फुकट हा आणि मुक्त हाही. खेळ व्हायचे चर्चमध्ये, समाजमंदिरात, शेताच्या कडेला. बघायला येत कापूस वेचणारे मजूर, घरकाम करणाऱ्या बायका, पोरेबाळे. त्यांच्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात नाटक पाहिलेले नव्हते. गप्प बसून बघायचे असते हेही त्यांना ठाऊक नव्हते. ते नटांना मधूनच उत्तर देत, सल्ला देत. आपल्याकडे तमाशाच्या फडात किंवा दशावतारात हे नवे नाही.

1964-65 च्या दौऱ्यात या मंडळाने सॅम्युएल बेकेट यांचे 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक नेले. दोन माणसे रस्त्याच्या कडेला गोदो नावाच्या कुणाची तरी वाट बघत बसतात आणि तो येत नाही, एवढीच त्याची गोष्ट. मोठमोठ्या शहरांतल्या शिकलेल्या प्रेक्षकांनाही ते डोक्यावरून जाते म्हणतात. मग शेतमजुरांना काय कळणार? रूलव्हिल गावी प्रयोग होता. तिथे फॅनी लू हेमर बसल्या होत्या. या बाई शेतमळ्यावर राबणाऱ्या. 1962 साली मतदार यादीत नाव घालायला गेल्या म्हणून त्याच दिवशी त्यांना मळ्यावरून हाकलून दिले होते. 1963 साली तुरुंगात त्यांना भयंकर मारहाण झाली होती. त्या मध्यंतरात उठल्या आणि लोकांना म्हणाल्या, या दोघांकडे नीट लक्ष द्या. आपण यांच्यासारखे नाही. कोणी येऊन आपल्याला काही आणून देईल म्हणून आपण वाट बघत बसलेलो नाही, आपण उठून ते घ्यायला निघालो आहोत.

मित्रहो, मी हे ऐकले तेव्हा पुतणीला दोनदा सांगायला लावले. त्या नाटकाचा अर्थ मंडळाने सांगितला नव्हता. तो सांगितला प्रेक्षकांत बसलेल्या एका मजूर बाईने. ओनील यांनी पुढे जे केले त्याचे मूळ मला तरी इथे दिसते.

देण्यापेक्षा घेणे अवघड

पहिली काही वर्षे मंडळाचा विचार असा की चांगले नाटक शहरात अडकले आहे, ते गरिबांच्या दारात नेऊ. विचार चांगलाच होता. पण हळूहळू मंडळात वाद सुरू झाले. आपण नेतो ती नाटके कोणाची? लिहिली कोणी? ज्या माणसांपुढे करतो त्यांचे स्वतःचे बोलणे त्यात कुठे आहे? मंडळात आधी काळे-गोरे दोन्ही कलावंत होते. मग मंडळ कृष्णवर्णीयांनीच चालवावे असे ठरले आणि ती ताटातूट सोपी झाली नाही. पैशाची चणचण कायम होती. प्रेक्षक गरीब, तिकीट नाही, सगळा भार उत्तरेकडच्या देणग्यांवर. देणगी आली की दौरा, आटली की मुक्काम. तरीही मंडळाने न्यू ऑर्लिन्स शहरात बस्तान बसवले. टॉम डेंट यांच्यासारख्या स्थानिक लेखकाच्या पुढाकाराने तिथे लेखनाची कार्यशाळा चालली, आणि परक्या नाटकांच्या जागी वस्तीतल्या तरुणांनी लिहिलेली नाटके आणि कविता मंचावर येऊ लागल्या.

1980 साली हे मंडळ संपले. 1985 साली ओनील यांनी जुन्या साथींना बोलावून त्याची रीतसर प्रेतयात्रा काढली! न्यू ऑर्लिन्समध्ये बँड लावून प्रेतयात्रा काढण्याची पद्धत आहे. जाताना दुःखाची धून, परतताना नाचायची धून. तशी ती काढली. बंद पडलेल्या संस्थेची पाटी वर्षानुवर्षे लोंबत ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून शिकण्यासारखे आहे. संपले ते संपले म्हणायचे, त्याचा मान राखायचा आणि पुढच्या कामाला लागायचे.

पुढचे काम त्यांनी 1980 पासूनच सुरू केले होते. समितीच्या कार्यकर्त्यांत पूर्वीपासून एक काल्पनिक पात्र फिरत असे, जूनबग जाबो जोन्स. खेड्यातला साधा माणूस, शाळा फारशी न शिकलेला, पण चार पावसाळे पाहिलेला. सामान्य माणसाचे शहाणपण कोणाच्या तोंडी घालायचे झाले की ते जूनबगच्या तोंडी घालत. ओनील यांनी हे पात्र मंचावर आणले. एकटा नट, मोजके सामान आणि गोष्टीमागून गोष्ट. या जूनबगचे त्यांनी एकामागून एक असे अनेक प्रयोग रचले, गावोगाव केले आणि आपल्या नव्या संस्थेलाही जूनबगचेच नाव दिले.

यातला एक उद्योग आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात कोळशाच्या खाणी आहेत. तिथले लोक बहुतांशी गोरे, पण गरिबीने पिचलेले. त्यांचेही एक नाट्यमंडळ होते, रोडसाइड थिएटर. त्यांच्या लोककथांत जॅक नावाचा एक पोरगा असतो, गरीब पण हिकमती. ओनील आणि रोडसाइड यांनी मिळून 'जूनबग/जॅक' हे नाटक 1990 साली उभे केले. गरीब काळा आणि गरीब गोरा यांना एकमेकांविरुद्ध कोणी आणि कशासाठी लढवले, हा त्याचा विषय. प्रयोग मागणाऱ्या गावाला अट अशी की गावातल्या सर्व थरांतल्या लोकांनी मिळून गाणारे पथक उभे करायचे, तेही नाटकात गाणार. जे शेजारी एरवी एकमेकांच्या दारात जात नसत, त्यांना तालमीला एकत्र यावेच लागे. एकजुटीच्या घोषणा आपण रोज देतो. या माणसाने एकजुटीची तालीम घेतली.

गोष्टींचे रिंगण

आता मुख्य मुद्दा. प्रयोगानंतर प्रेक्षकांशी चर्चा करायची, ही त्यांची सुरुवातीपासूनची रीत. पण चर्चेचे काय होते ते आपण आपल्या सर्वसाधारण सभेत पाहतोच. ज्याला बोलता येते तो बोलतो. दुसरा त्याला खोडून काढतो. तिसरा घड्याळ बघतो. ज्याच्या अंगावर बेतलेले असते तो मागे भिंतीला टेकून उभा असतो आणि तसाच निघून जातो. ओनील यांच्या ध्यानात आले की लोकांना मत विचारले की वाद होतो, गोष्ट विचारली की माणसे ऐकू लागतात. त्यातून त्यांनी आणि त्यांच्या साथींनी 'स्टोरी सर्कल', म्हणजे गोष्टींचे रिंगण, ही पद्धत घडवली. नियम अगदी साधे आहेत:

1. सर्वांनी गोल बसायचे. खुर्च्या सारख्या. टेबल नाही, व्यासपीठ नाही, अध्यक्ष नाही.

2. ठरलेल्या विषयावर प्रत्येकाने आपल्या आयुष्यात घडलेली एक गोष्ट सांगायची. मत नाही, उपदेश नाही, घडलेली गोष्ट. वेळ सर्वांना सारखा, थोडा.

3. एक बोलत असताना इतरांनी मध्ये बोलायचे नाही. शंका नाही, दुरुस्ती नाही, 'माझेही असेच झाले' हेसुद्धा नाही.

4. आपली पाळी आली आणि बोलावेसे वाटले नाही तर पुढे जा म्हणायचे. नंतर पुन्हा पाळी मिळते. कोणी गप्प राहिला तर तेही चालते.

5. आपण काय सांगणार याची जुळवाजुळव करत बसायचे नाही. दुसऱ्याचे ऐकायचे, ते ऐकताना जी गोष्ट मनात येईल ती सांगायची. बोलण्यापेक्षा ऐकणे महत्त्वाचे.

6. सर्वांचे झाल्यावरच चर्चा.

याच पद्धतीने त्यांनी पुढे नागरी हक्कांच्या लढ्यात भाग घेतलेल्या साध्या माणसांच्या आठवणी गावोगाव गोळा करण्याचे काम हाती घेतले. पुढाऱ्यांचे पुतळे झाले, पण ज्यांनी कार्यकर्त्यांना रात्री जेवायला घातले, लपवून ठेवले, त्यांच्या गोष्टी त्यांच्याबरोबर जाऊ नयेत म्हणून. 14 फेब्रुवारी 2019 रोजी वयाच्या 78 व्या वर्षी ओनील न्यू ऑर्लिन्समध्ये वारले. ते न्यूयॉर्कचे प्रसिद्ध नाटककार झाले नाहीत. त्यांची पद्धत मात्र आज अमेरिकेत अनेक वस्त्यांत आणि संघटनांत वापरली जाते.

वहिनींनी सांगितलेली गोष्ट

आता ही हकीकत मला का झोंबली ते सांगतो. 2018 च्या पावसाळ्यात आमच्या सेक्शनमध्ये एक ट्रॅकमन रात्रीच्या गस्तीवर असताना गाडीखाली आला. चाळिशीतला गडी. आम्ही शोकसभा घेतली. मी पंचवीस मिनिटे बोललो. रिक्त जागा, सुरक्षा साधने, वाढता बोजा, सगळे आकड्यांसह. टाळ्या वाजवायची सभा नव्हती म्हणून, नाहीतर टाळ्या पडल्या असत्या असे तेव्हा मला वाटले. ठराव झाला. पुढच्या रांगेत त्याची पत्नी बसली होती. तिला एका शब्दाने कोणी काही विचारले नाही.

सभा संपल्यावर मी निरोप घ्यायला गेलो. ती म्हणाली, "भाऊजी, जोडीदार रजेवर होता म्हणून दीड महिना ते एकटेच गस्त घालत होते. तुम्हाला सांगायला दोनदा युनियनच्या ऑफिसात आले होते. एकदा तुम्ही फोनवर होतात, एकदा मीटिंग चालू होती. दाराशी थांबून परत आले. म्हणाले, सेक्रेटरी मोठ्या कामात आहेत."

मी काय उत्तर देणार? ती रागाने बोलली नव्हती, म्हणून ते अधिक लागले. माझ्या पंचवीस मिनिटांच्या भाषणात तो दीड महिना कुठेच नव्हता, कारण तो मला ठाऊकच नव्हता. आमच्या मागणीपत्रात सतरा कलमे होती. सतराही बरोबर होती. अठरावे दाराशी येऊन परत गेले होते.

पुतणीकडून रिंगणाची पद्धत समजल्यावर आम्ही ती एकदा करून पाहिली. एका रविवारी टूल रूममध्ये अकरा जण गोल बसलो. ट्रॅकमन, कीमन, दोन पॉइंट्समन, शेडमधला एक खलाशी, ओळखीचे एक ग्रामीण डाक सेवक आणि कंत्राटदाराकडे डबे धुणाऱ्या दोन बायका. विषय ठेवला, 'कामावर मला भीती वाटली ती रात्र'. त्या बायकांतली एक पहिल्या पाळीला 'पुढे जा' म्हणाली. दुसऱ्या पाळीला बोलली. उभ्या गाडीखालच्या बाजूला पाइप ओढत असताना गाडी हलली, एवढीच गोष्ट. ती तीन मिनिटांत संपली. आमचा कीमन वीस वर्षे त्याच स्टेशनात आहे, त्या बाईला रोज बघतो. तो नंतर मला म्हणाला, साहेब, ही आपली माणसे आहेत हे मला आज कळले. डाक सेवकाने पूर आलेल्या ओढ्यातून पेन्शनची रक्कम डोक्यावर धरून नेल्याचे सांगितले. त्या बैठकीतून मागणीपत्रात दोन नवी कलमे गेली. एक मान्य झाले, एक अजून फायलीत आहे.

'गोष्टींनी पगार वाढतो का?'

आमच्या कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ साथींनी हा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त आहे. नुसत्या गोष्टींनी पगार वाढत नाही. लढा, संघटना, वर्गणी, वाटाघाटी, वेळप्रसंगी संप, याला दुसरा पर्याय नाही. ओनील हेही आधी संघटक होते, मग नट. चळवळीपासून तोडलेली गोष्ट म्हणजे घटकाभराचे रडू, हे त्यांनाही मान्य होते.

परंतु उलट बाजूही बघा. ज्या संघटनेला आपल्या सभासदाचे आयुष्य ठाऊक नाही, ती मागणी कोणाची मांडते? आज कायम कामगारांबरोबर निम्मे काम कंत्राटी माणसे करताना दिसतात. ती आपल्या सभासद यादीत नाहीत, म्हणून आपल्या सभेतही नाहीत. नवी भरती झालेली पोरे वर्गणी देतात, पण द्वारसभेला लांबून मोबाइल बघत उभी राहतात. ती बेजबाबदार आहेत असे म्हणून आपण मोकळे होतो. मला आता तसे वाटत नाही. त्यांना कोणी काही विचारलेलेच नाही.

शिवाय ही गोष्ट आपल्याला परकी नव्हे. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा मुंबईच्या चाळीतली, गिरणीतली माणसेच त्यांच्या लावणीत आणि वगात बोलत होती. आंबेडकरी जलशांनी गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःची हकीकत मंचावर सांगायला शिकवले. 1972 साली दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, म्हणजे या दोन दुःखांची ओळख जुनी आहे. आज मात्र आपण 1 मे रोजी शाहिराला बोलावतो ते पाहुणे येईपर्यंत गर्दी थोपवून धरायला. पाहुणे आले की डफ बंद!

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. मे 1974 चा रेल्वे संप वीस दिवस चालला. किती लाख कामगार उतरले, किती हजारांना अटक झाली, हे पुस्तकांत आहे. पण क्वार्टर रिकामे करायला पोलीस आले तेव्हा आपल्या आया-मावश्यांनी काय केले, कोणाच्या घरी चूल कशी पेटली, कोणत्या टपालवाल्याने निरोप पोचवले, हे कोणत्याही फायलीत नाही. ते सांगणारे आज पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आणखी दहा वर्षांनी आपण रिंगण घालून बसू, पण मधली जागा रिकामी असेल.

म्हणून माझी सर्व शाखांना, आणि टपाल बांधवांच्या संघटनांनाही, तीन कामांची विनंती आहे. पहिले, तीन महिन्यांतून एकदा दहा-बारा जणांचे रिंगण घ्या, आणि त्यात निदान दोघे कंत्राटी असू द्या. सचिवाने शेवटी बोलावे, जमल्यास बोलूच नये. दुसरे, 1974 चा संप पाहिलेल्या माणसांना, विशेषतः त्यांच्या घरच्या बायकांना, घरी जाऊन ऐका आणि वहीत लिहून काढा. ज्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय ती व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. तिसरे, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाट्यस्पर्धेला दरवर्षी तीच ती छापील नाटके नेण्याऐवजी एकदा तरी आपल्या यार्डातले, आपल्या सॉर्टिंग हॉलमधले नाटक लिहून बघा. बक्षीस नाही मिळाले तरी चालेल.

त्या ट्रॅकमनच्या वहिनी आता अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागल्या आहेत. गेल्या रिंगणाला त्यांना बोलावले होते. त्या आल्या, पाळी आली तेव्हा 'पुढे जा' म्हणाल्या, दुसऱ्या वेळीही तेच म्हणाल्या. नियमाप्रमाणे कोणी आग्रह केला नाही. निघताना मला एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या वेळी सांगेन."

युनियनच्या ऑफिसातला माझा फोन मी हल्ली दुपारी चार ते सहा बंद ठेवतो, आणि दार उघडे.

कामगार एकजुटीचा विजय असो!

(लेखक रेल्वे कामगार संघटनेचे शाखा सचिव आहेत.)